नकार ऐकणारी सत्ता

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू गालील सरोवर ओलांडून गरसेकरांच्या मुलुखात उतरतो. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा एक भूतग्रस्त तिथे त्याला सामोरा येतो. येशू त्याला बरा करतो. भुतं डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून सरोवरात कोसळून बुडतात. गावकरी धावत येतात, तर कालचा वेडा अंगावर कपडे घालून शुद्धीवर बसलेला. त्यांना आनंद होत नाही, भीती वाटते. आमच्या हद्दीतून निघून जा, अशी ते येशूला विनवणी करतात, आणि येशू वाद न घालता होडीत चढतो.

प्रवचनात जोर चमत्कारावर येतो, ते साहजिक आहे. पण सत्तेचा विचार करणाऱ्याने शेवटापाशी थांबायला हवं. ज्याच्या शब्दाने भुतं निघून जातात, तो माणसांच्या शब्दाने स्वतः निघून जातो. आपण चांगलंच केलं आहे, याची खात्री असूनही जातो.

शुभवर्तमानांत असे प्रसंग विखुरलेले आहेत. यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडून हाका मारतो. त्याला काय हवं असेल, हे उघड आहे. तरीही येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून असलेल्या रोग्यालाही तो आधी विचारतो, तुला बरं व्हायचं आहे का? श्रीमंत तरुण त्याचं म्हणणं ऐकून खिन्न होऊन निघून जातो, तेव्हा त्याच्यामागे कोणालाही पिटाळलं जात नाही. पाय धुवायला वाकलेल्या गुरूला पेत्र आधी साफ नाही म्हणतो. त्याच्याशी बोलणं होतं, समजूत घातली जाते आणि मगच पाण्याला हात लागतो.

या प्रसंगांतून ख्रिस्ती श्रद्धेने सत्तेविषयी एक नेमकी कसोटी घ्यायला हवी, असं माझं म्हणणं आहे. सत्ता चांगली आहे की नाही, हे ती वापरणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही. त्या सत्तेखालच्या माणसाला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर त्याचं काय होतं, यावरून ठरतं.

इथे सत्ता म्हणजे मंत्रालयातली खुर्ची नव्हे. शाळेचे मुख्याध्यापक, वॉर्डातली मेट्रन, मंडळीचे पाळक, संस्थेचे सचिव, कांदेखुरपणीचा मुकादम, घरातली सासू यांच्या हाती जी असते ती. एका जरी माणसाचं पोट, रजा, दाखला, अब्रू किंवा निजायची जागा आपल्या मर्जीवर अवलंबून असेल, तर आपण सत्ताधारी आहोत.

अशी सत्ता झटकून टाकण्याचा मोह श्रद्धावंताला सहज होतो, कारण त्यात नम्रतेचं समाधान मिळतं. बायबल तो मार्ग बंद करतं. यार्देनकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आणि शिपाई येतात आणि आम्ही काय करावं, असं विचारतात. नोकरी सोडा, असं तो सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, कोणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. जक्कय तर जकातदारांचा प्रमुख. येशू त्याच्या घरी उतरल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि फसवून घेतलेल्याची चौपट भरपाई करायचं कबूल करतो. त्याने काम सोडल्याचं मात्र लूक सांगत नाही. उलट येशूच्या दृष्टान्तात धन्याने दिलेली रक्कम जपण्यासाठी जमिनीत पुरणारा चाकर दोषी ठरतो. आणि सत्ता हातात असताना ती आपल्याकडे नाहीच, असं भासवणाऱ्या माणसाचं नाव तर बहुतेक मंडळ्या उपासनेत घेतात: पंतय पिलात. त्याने लोकांदेखत हात धुतले, आणि ज्याला सोडण्याचा अधिकार त्याच्याकडे होता त्याला क्रुसावर पाठवलं.

म्हणजे सत्ता टाकून देता येत नाही, ती वापरावीच लागते. अडचण इथून पुढे आहे. श्रद्धा माणसाला सत्ता वापरायला बळ देते, पण तीच त्याला बहिरं करू शकते. स्वार्थासाठी दाब टाकणाऱ्याला कुठेतरी आत बोचतं. देवाचं काम करतो आहोत असं वाटणाऱ्याला ते बोचणंही उरत नाही. समोरच्याचा नकार त्याला नकार वाटत नाही, अज्ञान वाटतं, अडथळा वाटतो, कधी सैतानाची चाल वाटते. सद्हेतूची सत्ता दुष्ट सत्तेपेक्षा कमी क्रूर असेल, पण कमी ऐकणारी असू शकते.

या प्रश्नाची सगळ्यात कठीण परीक्षा महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली. त्यांच्याविषयी आपल्याकडे दोन तयार सूर आहेत, पूजेचा आणि संशयाचा. दोन्ही बाजूला ठेवून त्यांच्या हातातली सत्ता पाहू.

रमाबाईंची पहिली सत्ता विद्येची होती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईकडून ते मुलीकडे आलं. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर ही मुलगी पायी देश हिंडली, १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी वारले. कडेवर लेक मनोरमा घेऊन पुण्यात आलेल्या या चोवीस वर्षांच्या विधवेने त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांना ख्रिस्ताकडे खेचलं कशाने, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. वाँटेजच्या मठातल्या भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक सेवागृह होतं. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे माणूस म्हणून वागवलं जात होतं. असं का, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेल्या त्या बाईकडे येशू आधी पाणी मागतो. तिच्याकडे देणारा स्वतः मागणारा होऊन येतो, आणि द्यायचं की नाही हे तिच्या हाती राहतं. रमाबाईंना भावलेल्या गोष्टीत सत्तेची ही उलटापालट आधीपासूनच होती.

बाप्तिस्म्यानंतर लगेचच त्यांचं चर्चच्या सत्तेशी वाजलं. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला विरोध केला. रमाबाईंनी कळवलं की आपल्या वागण्याचा निर्णय आपण आपल्या सद्सद्विवेकाने घेऊ. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत आणि याच आजीबाईंशी त्या पत्रांतून पानंच्या पानं भांडल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतल्या, शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं घालण्याची गोष्ट निघाली, तर लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा चांगलं काय आहे, असं विचारलं. ज्यांच्या छपराखाली राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, ज्यांच्या पैशावर शिकायचं, त्यांनाच त्या नाही म्हणत होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये हेच पुन्हा दिसलं. पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या आणि छावणीतल्या बायकांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये खरमरीत पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, पत्र लिहिणारी ख्रिस्ती होती. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टला ते पत्र झोंबलं. रमाबाईंना त्याची फिकीर नव्हती.

वरच्यांना नकार देण्यात त्यांच्या तोडीचं माणूस त्या काळात शोधावं लागेल. पण माझा प्रश्न वरच्यांविषयीचा नाही. खालच्यांना त्यांच्यापुढे नाही म्हणता येत होतं का?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि विधवांना धर्माचं शिक्षण न देता विद्या द्यायची, असं ठरलं होतं. जातीचे नियम पाळायची, पूजाअर्चा करायची मुलींना मोकळीक होती. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं आणि वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, वाटेल ती मुलगी आत येऊन बसे. दार लावा, असं सल्लागारांचं म्हणणं होतं. माझी प्रार्थना मी चोरून करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात मला दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं पटतं. स्वतःच्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करण्याचा रमाबाईंना पूर्ण हक्क होता. हिंदू घरातल्या देवघराला कोणी कडी लावायला सांगत नाही. ज्या समाजाने या मुलींचे केस उतरवून त्यांना कोपऱ्यात बसवलं, त्याला त्यांच्या धर्माची काळजी एकाएकी वाटू लागली, यातला दांभिकपणाही लपत नाही. पण चौदा वर्षांच्या विधवेच्या बाजूने पाहिलं, तर आश्रय देणाऱ्याचा देव आश्रितासाठी नुसता देव राहत नाही. जी बाई आपल्याला जेवू घालते, शिकवते, जवळ घेते, तिच्या प्रार्थनेला आपण गेलो नाही तर तिला काय वाटेल, हा विचार त्या मुलीला सुटत नाही. दार उघडं असलं तरी त्यातून दोन्हीकडे सारख्याच सहजतेने जाता येतं, असं नाही.

तरीही जाता येत होतं, याचा पुरावा आहे. सदनात पहिल्यांदा आलेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. ती तिथे शिकली, रमाबाईंच्या मायेत राहिली आणि ख्रिस्ती झाली नाही. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हीच पुढे आनंदीबाई, ‘माझे पुराण’ लिहिणाऱ्या बाया कर्वे. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो शारदा सदनाला हिंदू समाजाच्या आतून पर्याय म्हणूनही होता. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ आलं. रमाबाईंच्या हाताखालून निघालेली एक वाट अशी त्यांच्या धर्माला वळसा घालून गेली. माझ्या मते हा त्यांच्या ख्रिस्ती सेवेचा पराभव नाही, तिचं सर्वांत स्वच्छ यश आहे. वाढवलेलं माणूस आपल्यासारखं न होता उभं राहिलं, तर वाढवणाऱ्याने सत्ता नीट वापरली असं म्हणता येतं.

केडगावची गोष्ट याहून अवघड आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर मरायला टाकलेल्या, दलालांच्या हाती लागू पाहणाऱ्या मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलींची भर पडली. केडगावच्या मुक्ती सदनात जवळपास दोन हजार माणसं झाली. इथे सल्लागार मंडळ नव्हतं, धर्माविषयी तटस्थतेची अट नव्हती. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. १९०५ च्या संजीवनाच्या, म्हणजे धार्मिक जागृतीच्या, काळात शेकडो मुली एकत्र रडून, मोठ्याने प्रार्थना करत. त्या उमाळ्याच्या खरेपणावर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. पण त्या शेकडो मुलींत जिला काहीच वाटलं नाही, तिने काय करायचं? घरी जायचं म्हटलं तर घर दुष्काळात गेलेलं. आवाराबाहेर मोकळं माळरान आणि रेल्वेचे रूळ.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. हाडाचा सापळा झालेल्या मुलीला तिची संमती विचारत बसायचं का? नाही, तिला आधी जेवू घालायचं, आणि रमाबाईंनी तेच केलं, जे संमतीची चर्चा करणाऱ्या कोणीही त्या प्रमाणात केलं नाही. बुडत्याला बाहेर काढताना परवानगी लागत नाही. प्रश्न तो काठावर आल्यानंतरचा आहे. जीव वाचवला म्हणजे त्या जिवावर हक्क आला, असं वाचवणाऱ्याला कधी वाटू लागतं, हे त्याचं त्यालाही कळत नाही. भुतं घालवल्यावर येशूने त्या माणसाला स्वतःबरोबर येऊ दिलं नाही, आपल्या घरी परत पाठवलं. उपकाराच्या बदल्यात अनुयायी मिळवण्याची याहून सोपी संधी नव्हती, कारण तो माणूस स्वतःच बरोबर यायला विनवत होता.

केडगावात या प्रश्नाचं उत्तर प्रार्थनेत नाही, कामाच्या शेडमध्ये सापडतं. तिथे मुली विणकाम शिकत, शिवण शिकत, शेती करत, तेलघाणा चालवत. आंधळ्या बायकांना ब्रेल शिकवलं जाई, लोकांनी टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. आणि छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवायला घेतलं, त्याचे खिळे जुळवणाऱ्या या बायका होत्या. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजव्या हाताने खणाखणातून उलटं अक्षर अचूक उचलायचं, ओळ बसवायची, प्रूफ काढायचं, चूक दिसली तर चिमट्याने खिळा काढून दुसरा घालायचा. काही वर्षांपूर्वी जिला अक्षरओळख नव्हती, ती मुलगी हे करत होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्याआधी भाषांतर पुरं झालं होतं. छापून ते १९२४ मध्ये आलं.

या हातकामाचा नकाराशी थेट संबंध आहे. ज्याला दुसरीकडे जाऊन पोट भरता येत नाही, त्याला नाही म्हणण्याचा हक्क कागदावरच मिळतो. तुला मोकळीक आहे, असं आश्रिताला सांगणं फुकट असतं. मोकळीक वापरता येईल एवढं बळ त्याच्या हातात देणं महाग असतं. रमाबाईंनी धर्माच्या बाबतीत दार किती उघडं ठेवलं, यावर वाद घालता येईल. पण त्यांनी मुलींना जे शिकवलं, त्याने त्या रमाबाईंवाचून जगू शकत होत्या. एखाद्या अनाथालयाला शंभर वर्षांची परंपरा असेल आणि तिथून बाहेर पडणारं प्रत्येक मूल तिथेच शिपाई किंवा स्वयंपाकी म्हणून राहत असेल, तर तिथल्या प्रेमाबद्दल मला शंका येईल.

संस्थेकडून घराकडे वळलं, तर याच काळातलं दुसरं उदाहरण टिळक दांपत्याचं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला विश्वासात न घेता. त्याचा घाव लक्ष्मीबाईंनी कसा सोसला, हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. म्हणजे इथे सुरुवात चांगल्या वागण्याने झालेली नाही. पण पुढे काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, त्या सोवळं-ओवळं घेऊन, आपला धर्म घेऊन आल्या. टिळक रागीट होते, लहरी होते, आणि त्या काळच्या नवऱ्याच्या हाती किती सत्ता असे हे वेगळं सांगायला नको. ती सत्ता त्यांनी या एका बाबतीत वापरली नाही. जातिभेद चुकीचा आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने उमगलं, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बसावेत, अशी त्यांची इच्छा होती. पगार देणाऱ्या गोऱ्या मिशनऱ्यांनी देशी ख्रिस्ती माणसाला कायम लेकरू समजू नये, हे त्यांचं दुखणं होतं. नोकरी सोडून त्यांनी ते बोलून दाखवलं.

आपल्या काळातलं नाव घ्यायचं तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं घ्यावं लागेल. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले लेखक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, ही त्यांची ओळख सगळ्यांना आहे. पण धर्मगुरू म्हणून शब्दाला जे वजन होतं, ते त्यांनी हरित वसईच्या आंदोलनात बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध खर्च केलं. विहिरीचं पाणी उपसून विकलं गेलं, तर कोरडी पडणारी विहीर कोणत्या धर्माची, हे विचारायला कोणी येत नाही. झग्याचं वजन असं वरच्या दिशेने वापरलं, की त्याखाली कोणी दबत नाही. तेच वजन आपल्याच धर्मग्रामातल्या गरीब माणसावर पडलं की त्याचं ओझं होतं.

कोणी म्हणेल, हे सगळं करायला ख्रिस्त कशाला हवा. सरळमार्गी नास्तिकही हेच करील. करीलच, आणि जोतीराव फुल्यांनी कोणत्याही चर्चमध्ये न जाता ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. ख्रिस्ती माणूस इतरांपेक्षा जात्या चांगला असतो, असा माझा दावा नाही. त्याच्यावर एक जादा बंधन आहे, एवढंच मी म्हणतो. आपण ज्याला प्रभू म्हणतो, त्याने स्वतःलाच हाकलून देण्याइतकी मोकळीक माणसांना दिली होती. त्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेत, इस्पितळात, वसतिगृहात, मंडळीत किंवा घरात ती मोकळीक नसेल, तर तिथे कितीही प्रार्थना होवो, त्याची सत्ता तिथे नाही, आपली आहे.

हे तपासायला मोठं आत्मपरीक्षण लागत नाही. आपल्या हाताखालच्या माणसांपैकी गेल्या वर्षभरात आपल्याला तोंडावर नाही कोण म्हणालं, त्याचं नाव आठवायचं. नाव आठवलं, तर त्या माणसाची रजा, पगारवाढ, बदली, मंडळीतली जागा आज कुठे आहे ते बघायचं. आणि एकही नाव आठवलं नाही, तर आपण फार चांगले आहोत म्हणून कोणाला तक्रारच नाही, अशी समजूत करून घ्यायची नाही. लोक घाबरतात, असं धरून कामाला लागायचं: तक्रार ऐकणारा माणूस आपल्याखेरीज दुसरा नेमायचा, मदतीला जोडलेल्या न बोललेल्या अटी बोलून काढून टाकायच्या, आणि आश्रिताच्या हाती असं काही द्यायचं की उद्या तो आपल्याशिवाय उभा राहू शकेल. तो उद्या आपल्याला सोडून गेला, तर खर्च वाया गेला असं हिशेबाच्या वहीत लिहायचं नाही.